गफूरचाचांचा शब्द

गफूरचाचांबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं सणकतं आणि मी गप्प बसतो. डोकं सणकतं हेही खरं आणि गप्प बसतो हेही खरं. का बसतो, ते आजवर बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नाही. आता सांगून टाकतो, म्हणजे एकदाचं होऊन जाईल.

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, गाड्या रंगवणारा. नांदेडला देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत एका शेडमध्ये मी एकोणीस वर्षं गाड्यांना रंग मारला आणि त्याच शेडच्या दुसऱ्या अंगाला गफूरचाचांनी त्याच गाड्यांचा पत्रा ठोकला. ते डेंटर. अर्धी शेड त्यांची, अर्धी माझी, मधे भिंत नाही. त्यांच्या हातोडीनं माझं डोकं उठायचं आणि माझ्या रंगाच्या वासानं त्यांना खोकला यायचा. रोज एकदा तरी आमची जुंपायची.

डेंटर आणि पेंटर म्हणजे सासू-सुनेचं नातं. पत्र्यात जी काही कसर राहते ती पेंटर एका लगद्यानं भरून काढतो, घासतो आणि वरून रंग मारतो. आमच्याकडं त्या लगद्याला लांबी म्हणतात. भिजवलेल्या कणकेसारखी असते, वाळली की दगड. वाईट डेंटरला लांबी म्हणजे आईची माया, सगळं पोटात घालते. चाचांना मात्र तिचा डबा नजरेसमोर नको असायचा. "पेंटर, माझ्या पत्र्यावर तुझी लांबी पापडाएवढी पायजे. भाकरीएवढी लागली तर मला हाक मार, मी परत ठोकतो," म्हणायचे. आणि खरंच परत ठोकायचे. माझा दिवस वाया जायचा. मी शिव्या घालायचो, ते हसायचे. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं हसले की लहान मुलासारखे दिसायचे.

माणूस काटकुळा. निळा सदरा, त्याला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. पत्रा तपासायचा तर डोळे मिटून. हाताखाली जुन्या बनियनचा तुकडा धरायचे आणि तळहात हळूहळू फिरवायचे. मी एकदा म्हणालो, "चाचा, फडकं कशाला मधे?" तर म्हणाले, "उघडा हात घामानं चिकटतो, त्याला काय कळणार?" गाड्यांना ते मालकाच्या गावानं ओळखायचे. "हिमायतनगरचा दरवाजा उतरवला का?" "नायगावचं बोनेट काल आलं न्हाई." एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "देगलूरचं पोट पुरं सडलंय, कापावं लागतंय." चहावाला तिथंच उभा होता, त्याचा चेहरा बघायसारखा झाला होता.

जुन्या गाड्या हा त्यांचा खास प्रांत. ज्या गाड्या कंपनीनं करायच्या कधीच बंद केल्यात, ज्यांचं मडगार्ड कुठल्या दुकानात मिळत नाही, त्या सगळ्या फिरून फिरून आमच्या गल्लीत यायच्या. चाचा कोरा पत्रा घ्यायचे, वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत बसायचे आणि तीन-चार दिवसांनी त्यातून मडगार्ड निघायचं. ओझ्याच्या गाढवासारखा माणूस राबायचा आणि निघालेल्या मडगार्डाकडं बघून म्हणायचा, "जरा डाव्या अंगाला फुगलंय." मला तर काही दिसायचं नाही.

एक वकीलसाहेब होते. वडिलांच्या वेळची गाडी घेऊन आले. पुतणीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला, त्यांना गाडी दारात झळकवायची होती. म्हणाले, "चाचा, दोन्ही मडगार्डं बदला, दरवाजे बदला, रंग मारा, बस." चाचा पोतं अंथरून गाडीखाली सरपटले, अर्ध्या तासानं बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, आधी खालची पट्टी."

ही पट्टी म्हणजे दरवाजाच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ चौकट. दिसत कुणाला नाही, पण सगळी गाडी तिच्यावर उभी असते. वकीलसाहेबांच्या गाडीची ती गंजानं आतून खाल्ली होती. चाचांनी काय केलं, तर दरवाजाच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिडवे लोखंडी पाइप वेल्डिंगनं ठोकून टाकले. वकीलसाहेब चार दिवसांनी बघायला आले ते ओरडलेच. "अहो, गाडी दुरुस्तीला दिली होती, तुम्ही तुरुंग केला की!"

चाचा शांत. "साहेब, पट्टी कापली की गाडी मधून बसते, म्हातारीच्या पाठीसारखी. एकदा बसली की दरवाजा जन्मात लागत न्हाई. हे पाइप तिला धरून ठेवतात. पट्टी झाली, खालचा पत्रा झाला, खांब झाला, मग दरवाजा. मडगार्ड सगळ्यात शेवटी. मडगार्ड लोकांसाठी असतंय, खालचं तुमच्यासाठी."

"आणि साखरपुडा?"

"साखरपुडा होऊ द्या की. गाडीसाठी तो कशाला थांबवायचा?"

वकीलसाहेब तणतणत गेले. साखरपुड्याला भाड्याची गाडी उभी केली. दोन महिन्यांनी गाडी न्यायला आले तेव्हा एका बोटानं दरवाजा ढकलला आणि तो टक् करून लागला. परत उघडला, परत लावला. दहा मिनिटं तेच. जाताना चाचांना नुसते हात जोडले. चाचा ओशाळून माझ्याकडं बघून म्हणाले, "लई शिकलेला माणूस हाय."

पण चाचांचं नाव झालं ते निराळ्याच कारणानं. नांदेडच्या दोन-तीन तालुक्यांत जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक ती आधी चाचांकडं आणायचे. नायगाव, देगलूर, हिमायतनगर, कुठूनही. चाचा आधी विचारायचे, "यात कोण कोण बसणार?" मग पोतं अंथरून खाली जायचे, बोटाच्या पेरानं ठक ठक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, बाहेर येऊन हात पुसायचे आणि सांगायचे, "घ्या" किंवा "नका घेऊ." तिसरं काही नाही. यासाठी त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. दलाल लोकांचा पोटशूळ उठायचा. एका दलालानं ईदला मिठाईचा भला मोठा डबा पाठवला. चाचांनी तो गल्लीतल्या सगळ्यांना वाटला आणि दुसऱ्या दिवशी त्याच दलालाच्या गाडीला "नका घेऊ" म्हणाले. त्यांच्या शब्दाला असा भाव होता. शेडमधे दुसरं काही मोलाचं नव्हतंच म्हणा.

तो शब्द मी घालवला.

दिलीप हा माझ्या बायकोचा भाऊ. एकुलता एक. त्यानं हौसेनं एक जुनी गाडी घेतली आणि सहा महिन्यांत कंटाळला. विकायला काढली. एका शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन शेडमधे आला. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. मी गाडी बघितली. उजवीकडची पट्टी सडलेली, बोट घातलं तर आत गेलं. दिलीप म्हणाला, "दाजी, वरवर नीट करून द्या. आजच गिऱ्हाईक येणारंय." मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो. मग त्यानं बहिणीला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "एकच भाऊ हाय मला. तुमचं काय जातंय हो एवढं?"

चाचा परत यायच्या आत मी काम उरकलं. पट्टीच्या भोकांत पोत्याच्या चिंध्या कोंबल्या, वर लांबी थापली. पापडाएवढी नाही, भाकरीएवढीही नाही, चांगली वीटभर. त्याच्यावर काळं डांबर मारलं, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून मारतात ते नवं अंडरकोटिंग वाटावं. एकोणीस वर्षांचं कसब त्या भोकात घातलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

गिऱ्हाईक म्हणजे देगलूरकडचे एक मास्तर. नवरा-बायको दोघंही शिक्षक, दोघांच्या शाळा दोन गावांत. मास्तरांना गाडी आवडली आणि ते म्हणाले, "एकदा गफूरचाचांना दाखवू." दिलीपचं तोंड उतरलं. दोन तासांत गाडी परत आमच्या शेडमधे.

मी चाचांना बाजूला ओढलं. "चाचा, मेहुण्याची गाडी हाय. माझं घर मोडू नका." चाचांनी माझ्या हातांकडं बघितलं. नखांत डांबर होतं. मग मास्तरांना नेहमीचं विचारलं, "कोण बसणार?" मास्तर म्हणाले, "मी आणि ही. पावसाळ्यात फटफटीवर फार हाल होतात हिचे." मास्तरीणबाई बाजूलाच उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी. चाचा खाली गेले. ठक ठक आवाज येत राहिला, मग एका जागी थांबला. तिथं त्यांनी तीन वेळा ठोकलं. आवाज बद्द येत होता, मलासुद्धा ऐकू आला.

बाहेर आले. हात पुसले. मास्तर म्हणाले, "काय चाचा, घेऊ का?"

चाचा माझ्याकडं बघत राहिले. आता मला वाटतं, ते मला वेळ देत होते. मीच बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. आणि मी बोललो. म्हणालो, "चाचा म्हणतात, घ्या. जुनी असली तरी चांगली हाय गाडी."

चाचांचं तोंड उघडलं आणि मिटलं. ते हात धुवायला नळावर गेले. मास्तरांनी त्यांच्या पाठीला नमस्कार केला.

संध्याकाळी शेड बंद करताना चाचा म्हणाले, "पेंटर, चारचौघांत तुला खोटा पाडायला माझी जीभ उचलली न्हाई. चुकलं माझं. उद्या तू देगलूरला जा आणि त्यांना खरं सांग. म्हणावं गाडी आणा, चाचा पट्टी बदलून देतो. काही घेणार न्हाई."

मी म्हणालो, "हाव, जातो."

गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो? चार दिवसांनी चाचांनी विचारलं, "गेलता का?" मी म्हणालो, "हाव. सांगितलं. सुट्टी लागली की आणतो म्हणाले." एवढ्या सफाईनं बोललो. चाचांचा चेहरा खुलला. त्यांनी पट्टीसाठी पत्रा आणून भिंतीला उभा करून ठेवला. अधूनमधून म्हणायचे, "देगलूर अजून आली न्हाई." मी म्हणायचो, "येईल की."

मग एक दिवस नायगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीचं मागचं टोक त्या गाडीला घासलं. घासलं म्हणजे तसं फार नाही. दुसरी गाडी असती तर दरवाजाला पोचा आला असता. ही गाडी त्या अंगानं कागदासारखी मिटली. दरवाजा आत आला. त्या दिवशी मास्तरीणबाई चालवत होत्या. त्या वाचल्या, पण उजवा पाय डॉक्टरांना गुडघ्याच्या खाली ठेवता आला नाही.

मास्तर पंधरा दिवसांनी आले, एसटीनं. आरडाओरडा करतील, अंगावर येतील, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चाचा, पट्टीत पोतं निघालं. तुम्ही तर बघितलं होतं ना?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलंच नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मी हातात स्प्रे गन घेऊन उभा होतो. दोन पावलांवर. तोंड उघडायचं होतं फक्त.

चाचा म्हणाले, "हाव मास्तर. मी बघितलं होतं."

"मग?"

"मला कळलं होतं. मी बोललो न्हाई. गुन्हा माझा हाय."

मास्तर म्हणाले, "तुमच्या शब्दावर घेतली होती हो." आणि गेले. मी तसाच उभा. माझं नाव कुणी घेतलंच नाही, चाचांनीही नाही आणि मीही नाही.

दलालांना तर दिवाळीच झाली. आठवड्याभरात गावभर झालं की चाचानं त्या सौद्यात पैसे खाल्ले. "म्हातारा पक्का निघाला बरं का!" हे मी चहाच्या टपरीवर, या कानांनी ऐकलं. कप ठेवला आणि उठून आलो. जे चाचांसाठी पोतं अंथरून हात बांधून उभे राहायचे, तेच आता गल्लीतून जाताना चाचांना ऐकू जाईल असं बोलायचे. मी पलीकडच्या अंगाला गाडी घासत असायचो. नालायकपणाला दुसरं काही नाव असेल तर मला माहीत नाही.

चाचांनी ती मोडलेली गाडी मागवून घेतली. मास्तरांनी पाठवली, का पाठवली कुणास ठाऊक. त्यांनाही दारात बघवत नसेल. चाचा तिच्यावर दीड महिना बसले. दुसरं काम घेतलं नाही. पाइप ठोकून चौकट धरली, दोन्ही पट्ट्या नव्या घातल्या, खालचा पत्रा नवा, मधला खांब नवा, दरवाजा कोऱ्या पत्र्यातून केला, मडगार्ड केलं. मी जन्मात तसं काम बघितलेलं नाही. जोड कुठं आहे ते बोटाला लागत नव्हतं. मी एकदा धीर करून म्हणालो, "चाचा, रंग मी मारतो." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तू हात लावायचा न्हाई." एकोणीस वर्षांत मला एवढं एकच वाक्य त्यांनी रागानं म्हटलं असेल. तांबडा प्रायमर त्यांनी स्वतः ब्रशनं मारला, फराटे दिसत होते, आणि तशीच गाडी निरोप धाडून परत दिली.

मास्तरांनी ती घरी नेलीच नाही. नाक्यावरच्या भंगारवाल्याकडं सरळ लावली. बाई म्हणाल्या होत्या म्हणे, की ती गाडी मला डोळ्यांसमोर नको. त्यांचं तरी काय चुकलं? भंगारवाल्यानं दोन दिवसांत कापली. चाचा नमाजला त्याच रस्त्यानं जायचे, त्यांनी ती कापताना बघितली. शेडमधे आले आणि मला नाही, स्वतःशीच म्हणाले, "पत्रा चांगला होता."

त्यानंतर कुणी गाडी दाखवायला आणली तर चाचा म्हणायचे, "मला कळत न्हाई बाबा." कुणी हट्ट केला तर हात जोडायचे. मग येणंही बंद झालं. लोक गाड्या थेट दलालाकडून घेऊ लागले, मस्त लांबी भरलेल्या, चकचकीत. आता कोण ठोकून बघतं? एक दिवस चाचांचा जावई लातूरहून टेम्पो घेऊन आला आणि हत्यारांसकट त्यांना घेऊन गेला. मी सामान चढवू लागलो तर चाचा म्हणाले, "राहू दे पेंटर, पाठ दुखंल तुझी." चांगलंच बोलले. त्याचंच जास्त लागलं.

सहा वर्षं मी लातूरला गेलो नाही. गेल्या हिवाळ्यात गेलो. माझी मुलगी प्रणिता नर्स झाली. निलंग्याला दवाखान्यात लागली आणि लातुरात खोली घेऊन राहते. रोजचं जाणं-येणं, अवेळी ड्युटी, म्हणून जुनी गाडी बघितली होती. गाडी दिसायला छान. मी सगळीकडून हात फिरवला. लांबी कुठं आहे ते मला कळतं, माझंच काम ते. पण खाली, आत काय आहे ते मला कळत नाही, आणि या वेळी त्यात माझी पोर बसणार होती. मी तिला म्हणालो, "औसा रोडला चल, आपले चाचा हायत तिथं."

जावयाचं दुकान ग्रिल-गेटचं. चाचा स्टुलावर बसून खिडकीच्या जाळीला ग्राइंडर मारत होते. ज्या हातानं मडगार्डं केली त्या हातानं चौकोनी जाळ्या. मला बघून ग्राइंडर बंद केला, उठले. प्रणितानं वाकून नमस्कार केला तर तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढी मोठी झाली? जीती रहो बेटा." घरच्यांची विचारपूस केली. माझ्या बायकोचं विचारलं, दिलीपचंसुद्धा विचारलं. मग पोरीला म्हणाले, "आत जा, माझी पोरगी शमीम हाय, तिच्या हातचा चहा पी." ती आत गेली.

मी म्हणालो, "चाचा, एकदा खालून बघता का? पोरगी रोज निलंग्याला जाणार हाय. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

चाचांनी गाडीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी पाय धरले असते.

"मी कशाला बघू पेंटर?" म्हणाले. "चाचा काय म्हणतात ते तुला माहीत असतंय की. तूच सांग तिला."

चष्मा डोळ्यांवर घेतला, स्टुलावर बसले आणि ग्राइंडर चालू केला. ठिणग्या माझ्या पायापर्यंत येत होत्या. मी हललो नाही.

प्रणिता तोंड पुसत बाहेर आली. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा चाचांकडं. ग्राइंडरच्या आवाजात मोठ्यानं विचारलं, "बाबा, घ्यायची का? काय म्हणाले चाचा?"

"चाचा काही म्हणाले न्हाईत," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. कानाला हात लावून म्हणाली, "काय?"

मग मी रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या जोरानं ओरडलो, "चाचा काहीच म्हणाले न्हाईत!" मास्तरांना त्या दिवशी एवढंच सांगायचं होतं.